‘डोकं उघडू नका, सगळं तारेनं होतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हा मेसेज बरेच दिवस फिरतो आहे. माझ्याकडेही येऊन गेला होता आणि मी तो पुसून टाकला होता. पण आता तो आमच्या जाऊबाईंपर्यंत पोचला. त्यांनी तो दादांना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, वाचून दाखवला आणि दादांची ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. दादांना कवटीचा तळ आणि मानेचा पहिला मणका जिथे मिळतात तिथे फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शिरेची नको ती थेट जोड, आहे. पाय जड पडतात, चालताना तोल जातो. ‘अगं, मांडीतून तार घालून होतं म्हणे सगळं, मग मान कशाला कापून घ्यायची?’ असं जाऊबाईंनी फोनवर विचारलं, तेव्हा त्यांच्यावर राग नाही आला, पण ज्याने कुणी हा मजकूर बसून टाइप केला त्याचा आला. म्हणून हे लिहिते आहे, आणि सूर जरा वर गेला तर जाऊ द्या.

मी डॉक्टर नाही. अँजिओग्राफीच्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून माझी नोकरी झाली. म्हणजे मेसेज ज्या तारेची आरती ओवाळतो, त्या तारेच्या शेजारीच उभी होते. तिच्याबद्दल आकस असायचं मला काही कारण नाही, तिच्यावरच माझं घर चाललं.

मेसेज ‘एका नामवंत मेंदूतज्ज्ञाच्या’ नावाने फिरतो. तज्ज्ञाचं नाव अर्थातच नाही. त्यातले दावे थोडक्यात असे: मेंदूच्या नसांचा कुठलाही दोष आता मांडीतून तार घालून कायमचा बरा होतो, हे मोठ्या संशोधनात सिद्ध झालं आहे. तारेच्या उपचारात धोका नाही आणि तो एकदाच करावा लागतो. डोकं उघडणं परदेशात बंद झालं आहे, ऑपरेशन सुचवणारा सर्जन एकतर जुना असतो किंवा पैशाचा भुकेला. तोवर रोज मानेची नस दाबून धरा, सूज असेल तर स्टिरॉइड घ्या, बऱ्याचदा नस आपोआप बंद होते. आणि काहीच नाही जमलं तर गॅमा नाइफ, म्हणजे किरणांचा उपचार, आहेच, एका दिवसात काम.

दादांना नेमकं काय झालं आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती एक जाड आवरण असतं, ड्युरा. एरवी धमनीतलं रक्त बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जातं, तिथे त्याचा दाब उतरतो आणि मग ते शिरेत येतं. फिस्टुलामध्ये ड्युरातली धमनी हे जाळं टाळून थेट शिरेला मिळते. धमनीचा दाब सोसायला शिरेची भिंत बनलेलीच नसते. ती फुगते, नागमोडी होते, आणि मुख्य म्हणजे मेंदूतून किंवा मज्जारज्जूतून परत यायचं रक्त तुंबतं. कधी शीर फुटते आणि रक्तस्राव होतो, कधी ती न फुटता मज्जारज्जू नुसता तुंबून आजारी पडतो. दुखणं दुर्मीळ आहे. कवटीतल्या रक्तवाहिन्यांच्या विकृतींमध्ये ड्युराच्या फिस्टुला साधारण १० ते १५ टक्के धरतात, आणि कवटी-मानेच्या सांध्यावरची फिस्टुला त्यातलाही छोटा तुकडा.

आता दावे.

‘मोठ्या संशोधनात तारेने शस्त्रक्रियेला हरवलं, लॅन्सेटमध्ये छापून आलं आहे.’

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं आहे, तेवढं खरं. आयसॅट नावाची चाचणी, २००२ साल, २,१४३ रुग्ण. वर्षभराने मृत्यू किंवा परावलंबित्व आलेल्यांचं प्रमाण कॉइलच्या, म्हणजे नळीतून धातूची बारीक वेटोळी आत भरण्याच्या, गटात २३.७ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ३०.६ टक्के. या एका चाचणीने मेंदूच्या उपचारांची दिशा बदलली, याबद्दल वाद नाही.

पण ती चाचणी फुटलेल्या अ‍ॅन्युरिझमची होती. अ‍ॅन्युरिझम म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगवटा. त्याला आत जायला वाट असते, आत कॉइल भरून तो बंद करता येतो. फिस्टुला हा आजारच वेगळा, आयसॅटचा आणि त्याचा काही संबंध नाही. शिवाय चाचणीसाठी ९,५५९ रुग्ण तपासले आणि त्यातले २,१४३च घेतले. घेतले ते असे, की ज्यांच्या बाबतीत ‘दोन्हीपैकी कुठलाही उपचार चालेल’ असं डॉक्टरांना वाटलं. म्हणजे अ‍ॅन्युरिझमच्याही सगळ्या रुग्णांना हा निकाल सरसकट लावता येत नाही. तो उचलून दादांच्या मानेला लावणं हा निव्वळ आडदांडपणा आहे. मेसेज लिहिणाऱ्याने बातमीचा मथळा वाचला असणार, त्याखालची ओळ नाही.

‘तारेचा उपचार एकदाच, धोका जवळजवळ शून्य.’

या दाव्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण दादांचा निर्णय याच वाक्यावर अडला.

तारेच्या उपचारात काय करतात ते बघा. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून नळी वर नेतात. तिच्यातून आणखी बारीक नळी, मायक्रोकॅथेटर, फिस्टुलाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत घालतात. मग तिथून ऑनिक्ससारखा घट्ट होणारा द्रव किंवा ग्लू सोडतात. हा द्रव नेमका किती पुढे जाऊन थांबला यावर सगळं अवलंबून असतं. शिरेची जिथे सुरुवात होते तिथपर्यंत तो पोचलाच पाहिजे. अलीकडेच, धमनीत थांबला, तर काम झालं नाही. कालव्याला चार चाऱ्या येऊन मिळत असतील आणि तुम्ही एकच बुजवली, तर पाणी उरलेल्या तिघींतून येतच राहतं, तसंच इथे आजूबाजूच्या बारीक धमन्या महिन्या-दोन महिन्यांत रुंदावतात आणि फिस्टुला पुन्हा चालू होते. द्रव शिरेत फार पुढे गेला तर चांगल्या रक्ताची परतीची वाट बंद. आणि मागे फिरला तर?

कवटी आणि मानेच्या सांध्यावर हा ‘मागे फिरला तर’ सगळ्यात वाईट. तिथल्या फिस्टुलाला रक्त येतं ते बहुतेक वेळा व्हर्टिब्रल धमनीच्या बारीक फांद्यांतून. हीच व्हर्टिब्रल धमनी वर जाऊन मेंदूच्या देठाला आणि लहान मेंदूला रक्त देते. मज्जारज्जूच्या पुढच्या भागाला पोसणारी धमनीही तिथेच उगम पावते. कधीकधी तर एकच फांदी एका हाताने फिस्टुलाला रक्त देते आणि दुसऱ्या हाताने मज्जारज्जूला. अँजिओच्या पडद्यावर ती केसासारखी दिसते, आणि काही वेळा फिस्टुलाचा प्रवाह इतका जोरात ओढत असतो की ती दिसतही नाही. द्रव त्या फांदीत थेंबभर गेला तरी माणूस टेबलावरून उठताना हातपाय गमावून उठू शकतो.

हे मी घाबरवायला लिहीत नाही. आकडे आहेत, आणि चांगले आहेत. जपानच्या न्यूरोस्पायनल सोसायटीने २९ केंद्रांतून कवटी-मानेच्या सांध्यावरच्या फिस्टुलांचे ९७ रुग्ण गोळा केले, सगळे २००९ ते २०१९ या काळात उपचार झालेले. इतक्या दुर्मीळ आजाराचे ९७ रुग्ण एकाच अभ्यासात म्हणजे पुष्कळच. त्यांतल्या ७८ जणांवर शस्त्रक्रिया झाली, १९ जणांवर तारेचा उपचार. पुन्हा उपचार करावा लागला तो शस्त्रक्रियेच्या गटात २ जणांवर, म्हणजे २.६ टक्के. तारेच्या गटात १९पैकी १२ जणांवर, ६३ टक्के.

एकोणीसपैकी बारा. ‘एकदाच करावा लागतो’ म्हणे!

आणि ‘धोका शून्य’चं काय? रक्तपुरवठा तुटून झालेली इजा शस्त्रक्रियेच्या गटात ७.७ टक्के, तारेच्या गटात २६ टक्के. दोन्ही गट मिळून असे ११ प्रसंग: मज्जारज्जूचे ८, मेंदूच्या देठाचे २, लहान मेंदूचा १. या इजांनी कायमचं अपंगत्व आलं. सगळ्या प्रकारच्या गुंतागुंती धरल्या तर २२ टक्के आणि ४२ टक्के, मात्र हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतपत लहान गटांवरचा आहे, म्हणून त्यावर मी फार जोर देत नाही. रोजच्या हालचालींत सुधारणा दिसली ती शस्त्रक्रियेच्या गटात ६० टक्के रुग्णांमध्ये, तारेच्या गटात ३७ टक्के.

आता कुणी हुशार वाचक विचारेल, आणि विचारावंच, की हा अभ्यास कितपत निःपक्षपाती? चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटलेले नव्हते, ज्या त्या केंद्राने आपापल्या समजुतीने उपचार निवडला. संघटना मणक्याच्या शस्त्रक्रियेशी निगडित. तारेच्या गटात माणसं १९च. कदाचित अवघड रुग्ण तारेकडे गेले असतील, कदाचित उलटही. आणि शस्त्रक्रियेच्या गटात दोघे जण दगावले, तारेच्या गटात कुणीही नाही. दोघांचाही मृत्यू शरीरातल्या इतर गुंतागुंतींनी झाला, पण मृत्यू तो मृत्यू, ते लपवायचं कारण नाही. हे सगळं मान्य करून सांगते: २.६ आणि ६३ यांच्यातली दरी निवडीतल्या दोषांनी थोडीफार भरून निघेल, सगळी नाही. आणि मेसेजने जो दावा केला आहे, ‘एकदाच’ आणि ‘शून्य’, त्यातला ‘एकदाच’ही टिकत नाही आणि ‘शून्य’ही.

जाता जाता, ‘परदेशात बंद झालं’ याचंही उत्तर याच अभ्यासात आहे. जपानमध्ये तारेचं तंत्र मागास आहे असं म्हणायची कुणाची हिंमत नसावी. तिथल्या २९ केंद्रांनी ९७पैकी ७८ रुग्णांवर शस्त्रक्रियाच केली.

‘डोकं फोडून मेंदू कापतात.’

दादांच्या बाबतीत मेंदूला हातही लागणार नाही. रुग्णाला पालथं झोपवतात. मानेच्या मागे मध्यभागी छेद घेतात, स्नायू बाजूला करतात. कवटीच्या खालच्या कडेचं थोडं हाड आणि पहिल्या मणक्याच्या कमानीचा भाग काढतात, मग ड्युरा उघडतात. आत मायक्रोस्कोपखाली ती शीर दिसते. शीर निळसर असायला हवी, ही लालभडक असते, कारण तिच्यात धमनीचं रक्त धावत असतं. ड्युरातून ती जिथे आत शिरते तिथेच तिला क्लिप लावतात आणि तोडतात. एवढंच. धमन्या चार असोत की दहा, त्या सगळ्यांचं रक्त ज्या एका दारातून आत येतं ते दार बंद झालं. क्लिप लावल्यावर शीर बघता बघता काळपट होते. मग हिरव्या रंगद्रव्याचं इंजेक्शन देऊन, इंडोसायनीन ग्रीन म्हणतात त्याला, फिस्टुला खरंच बंद झाली का हे टेबलावरच तपासता येतं. पुढे पुन्हा अँजिओ करून खात्री करतात.

सोपं आहे असं मी म्हणत नाही. वरच्याच अभ्यासात शस्त्रक्रियेच्या गटातही ७.७ टक्के लोकांना रक्तपुरवठ्याची इजा झाली, ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जखमेतून मेंदूजल झिरपणं, संसर्ग, मानेचं दुखणं, हेही असतं. पण ‘मेंदू कापतात’ हे धादांत खोटं आहे आणि भीती घालण्यासाठीच लिहिलेलं आहे.

आता मेसेजच्या पदरात टाकायचं ते टाकते, नाइलाजाने का होईना. कवटीच्या तळाशी, डोळ्याच्या मागे, कॅव्हर्नस सायनस नावाची शिरेची पोकळी असते. तिथे फिस्टुला झाली की डोळा लाल होतो, बाहेर येतो, दोनदोन दिसतं, कानात घूंघूं आवाज येतो. तिथे तारच पहिली. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढंच लिहिलं असतं तर मी टाळी दिली असती. पूर्वी याच आजारासाठी मानेतली मोठी धमनी बांधून टाकत, ट्रॅव्हर्स यांनी १८०९ साली तेच केलं होतं. मॉस्कोच्या सर्बिनेंको यांनी सुटा होणारा बलून नळीतून आत नेऊन सोडण्याचं तंत्र १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं आणि चित्र पालटलं. आज तिथे शिरेच्या बाजूने वर जाऊन कॉइल किंवा द्रव भरतात, डोकं उघडायची वेळ क्वचितच येते. कानामागच्या मोठ्या सायनसवरच्या फिस्टुलांनाही बहुतेक ठिकाणी आधी तारच लावून बघतात.

पण आता तिथून दोन-तीन इंच पुढे या. नाकाच्या मुळाशी, कपाळामागे, कवटीच्या तळाचा पुढचा खड्डा. तिथल्या फिस्टुलाला रक्त येतं डोळ्याच्या धमनीच्या फांद्यांतून. त्याच डोळ्याच्या धमनीतून नेत्रपटलाची मुख्य धमनी निघते. द्रव मागे फिरला तर तो डोळा आंधळा. शिवाय या फिस्टुला थेट मेंदूच्या शिरांत रिकाम्या होतात, म्हणून फुटण्याचा धोकाही जास्त. तिथे कपाळाच्या बाजूने उघडून शिरेवर क्लिप लावणं हा जुना, भरवशाचा मार्ग आहे. अलीकडे नळ्या बारीक आणि चांगल्या झाल्यामुळे तारेनेही काही जणांचं काम होतं, विशेषतः शिरेच्या बाजूने जाता आलं तर. पण ते रुग्ण निवडून.

म्हणजे बघा, तीन-चार इंचांच्या परिसरात तीन जागा आणि तिन्हींचं उत्तर वेगळं. तार चांगली की सुरी चांगली हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्या धमनीत शिरायचं ती आणखी कुणाला रक्त देते, आणि शीर कुठे रिकामी होते, हे बघून ठरतं. ते कळतं डीएसए केल्यावर, म्हणजे नळी घालून काढलेल्या संपूर्ण अँजिओवर. कॅव्हर्नसच्या फिस्टुलांचं वर्गीकरण बॅरो यांनी १९८५ मध्ये केलं. ड्युराच्या फिस्टुलांची बोर्डेन आणि कोन्यार यांची वर्गीकरणं १९९५ची. त्या दोन्हींमध्ये मुख्य प्रश्न हाच, की शिरेतलं रक्त कुठल्या दिशेला आणि कुठे जातं. मेसेजमध्ये या प्रश्नाचा उल्लेखही नाही.

‘रोज दहा मिनिटं मानेची नस दाबून धरा.’

हे वाचून मी खुर्चीतून उठले. मेसेजमध्ये सरळ सांगितलं आहे, की जबड्याखाली ठोका लागतो तिथे दोन बोटांनी दाबा, ‘रक्ताचा जोर कमी होऊन फिस्टुला बंद होते’. आणि खाली हात जोडल्याची चिन्हं.

ही गोष्ट कुठून आली ते मला माहीत आहे, म्हणून जास्तच चीड येते. कॅव्हर्नस सायनसच्या, हळू वाहणाऱ्या, सौम्य प्रकारच्या फिस्टुलांमध्ये डॉक्टर काही रुग्णांना हे खरोखर शिकवतात. पण कसं? आधी मानेच्या धमनीत चरबीचे थर नाहीत ना हे तपासून, कारण दाबताना थर सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात. आधी फिस्टुलाचं रक्त मेंदूच्या शिरांत उलटं जात नाही ना हे अँजिओवर बघून, कारण तसं असेल तर हे करायचंच नाही. ठोका मंदावतो का, चक्कर येते का हे समोर बसवून पाहून. आणि एक बारकावा, जो मेसेजमध्ये गाळला आहे: दाबायचं ते विरुद्ध बाजूच्या हाताने. डावी धमनी असेल तर उजव्या हाताने. कारण दाबल्यामुळे त्या बाजूच्या मेंदूला रक्त कमी पडलं तर दुर्बळ होतो तो विरुद्ध बाजूचा हात, आणि तो आपोआप गळून पडतो. म्हणजे हात स्वतःच स्वतःला थांबवतो. हे सांगितल्याशिवाय ‘नस दाबा’ म्हणून हजारो लोकांना कळवणं म्हणजे काय आहे हे लिहिणाऱ्याला कळलं तरी असेल का?

आणि दादांना तर याचा शून्य उपयोग. त्यांची फिस्टुला व्हर्टिब्रल धमनीच्या फांद्यांवर आहे. ती धमनी मणक्यांच्या बाजूच्या हाडांतल्या छिद्रांमधून वर चढते. जबड्याखाली दाबून ती दबत नाही. दबते ती मेंदूला रक्त नेणारी दुसरीच, चांगली धमनी. पासष्टीच्या पुढच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला तुम्ही हे घरी करायला सांगता? जाऊबाईंनी विचारलं, ‘दोन मिनिटं दाबली तर काय बिघडतं?’ मी म्हटलं, वहिनी, दोन मिनिटं पुरतात.

‘आपोआप बंद होते’ यातही तेवढाच अर्धा दाणा सत्य आहे. सौम्य, कॅव्हर्नसच्या फिस्टुला कधीकधी स्वतःहून बंद होतात, हे खरं. पण रक्त मेंदूच्या शिरांत उलटं जाणारी फिस्टुला उपचाराविना ठेवली तर काय होतं याचा एक जुना अभ्यास टोरांटोचा आहे, २००२चा. रुग्ण फक्त २०, पण वर्षाला १०.४ टक्के मृत्यू आणि ८.१ टक्के रक्तस्राव असे त्यातले आकडे. नंतरच्या अभ्यासांत, विशेषतः ज्यांना अजून रक्तस्राव झालेला नाही किंवा फारसा त्रास नाही अशांमध्ये, धोका यापेक्षा बराच कमी निघाला. तेव्हा टोरांटोचे आकडे सगळ्यांना लावू नका. तरीही ‘वाट बघा’ हा सल्ला अँजिओ न बघता द्यायचा नसतो.

‘मज्जारज्जूला सूज असेल तर स्टिरॉइडचा कोर्स पुरतो.’

नाही पुरत, उलट अंगावर येतो. एमआरआयमध्ये मज्जारज्जू पांढुरका, फुगलेला दिसतो आणि तो जळजळीचा आजार समजून स्टिरॉइड सुरू होतं, हे या दुखण्यात पुन्हापुन्हा घडतं. पण ही सूज तुंबलेल्या रक्ताची असते. मज्जारज्जूच्या ड्युराच्या फिस्टुलांमध्ये स्टिरॉइड दिल्यावर काही तासांत किंवा दिवसांत पाय एकदम गेले, लघवी अडली, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. कवटी-मानेच्या सांध्यावरची फिस्टुला मज्जारज्जूच्या शिरांत रिकामी होत असेल तर तिथेही हेच भय. एमआरआयवर मज्जारज्जूच्या पृष्ठभागावर वळवळीत काळ्या रेषा, म्हणजे फुगलेल्या शिरा, दिसल्या तर आधी अँजिओ आणि मगच औषधाचा विचार. दादांचाही एमआरआय आधी ‘मानेच्या मणक्यांची झीज’ म्हणून गुंडाळून ठेवला होता. त्या काळ्या रेषा एका तरुण रेडिऑलॉजिस्टच्या नजरेला पडल्या म्हणून पुढचं कळलं.

सर्जन पैशासाठी ऑपरेशन सुचवतो, या आरोपावर फार शाई खर्च करत नाही. कॉइल, मायक्रोकॅथेटर, ऑनिक्स यांच्या किमती मी रोज पाहत होते, स्वस्त काहीच नव्हतं. लोभ असेल तर तो दोन्ही दारांनी आत येतो. त्यावर उपाय असेल तर एकच, की न्यूरोसर्जन आणि तारेचा उपचार करणारा रेडिऑलॉजिस्ट, दोघांनी एकत्र बसून तीच अँजिओ बघावी आणि दोघांचं मत रुग्णाला कळावं. ज्या केंद्रात दोन्ही उपचार होतात तिथे हे सहज घडतं. काही वेळा तर दोघांनाही काम असतं, आधी तारेने प्रवाह कमी करायचा आणि मग सर्जनने शीर बंद करायची. दादांच्या बाबतीत दोघांनीही शस्त्रक्रियाच सांगितली होती. रेडिऑलॉजिस्ट तर स्वतःहून म्हणाला होता, की फिस्टुलाची फांदी आणि मज्जारज्जूची फांदी एकाच बुंध्यातून निघते, मी तिथे द्रव सोडणार नाही. ज्याला तारेचे पैसे मिळाले असते तोच नको म्हणतो, यात लोभ कुठे बसवायचा ते मेसेजवाल्याने सांगावं. हे वाक्य मी जाऊबाईंना दोनदा ऐकवलं, आणि मगच त्यांनी नवी तारीख घ्यायला फोन केला.

राहिला गॅमा नाइफ. ‘एका दिवसात काम.’ किरण देण्याचं काम एका दिवसात होतं, फिस्टुला बंद व्हायचं नाही. किरणांनी रक्तवाहिनीची भिंत हळूहळू जाड होते आणि वाट बुजते, त्याला बरेच महिने, कधी दोन-तीन वर्षं लागतात. त्या काळात शीर फुटण्याचा धोका तसाच राहतो आणि तुंबलेला मज्जारज्जू तुंबलेलाच. ज्यांना तार आणि शस्त्रक्रिया दोन्ही झेपणार नाहीत, किंवा ज्यांची फिस्टुला सौम्य आहे पण आवाजाचा त्रास असह्य आहे, अशांसाठी तो पर्याय ठेवतात. ज्याचे पाय महिन्यागणिक जड होत चालले आहेत त्याच्यासाठी नाही.